ससे-कोल्ह्यांचं मॉडेल: समीकरणांकडून एकेका सशाकडे

मंडळी, लोट्का-व्होल्टेरा मॉडेलची, म्हणजे भक्ष्य आणि शिकारी यांच्या संख्या एकमेकांमुळे कशा बदलतात हे सांगणाऱ्या समीकरणांच्या जोडीची, पुढची नोंद. समीकरणांची आवृत्ती आता पक्की झाली आहे आणि एकेक प्राणी मोजणारी दुसरी आवृत्तीही चालू लागली आहे. प्रणाली तीच, गृहीतकं तीच, दरही तेच. तरी दोन्ही मॉडेलं वेगवेगळ्या गोष्टी सांगतात आणि सगळ्यात जास्त मजा मला त्यातच येते आहे.

ज्यांना स्वतः चालवून बघायचंय त्यांच्यासाठी आकडे: सशांच्या वाढीचा दर १.१, शिकारीचा ०.४, शिकारीतून कोल्ह्यांच्या वाढीचा ०.१, कोल्ह्यांच्या मृत्यूचा ०.४. समतोल बिंदू येतो ससे ४, कोल्हे २.७५. सुरुवात दोन्हीकडे १० पासून.

पहिली आवृत्ती सलग आणि नियत आहे, म्हणजे सुरुवात ठरली की पुढचं सगळं ठरलं. या समीकरणांत एक राशी शेवटपर्यंत बदलत नाही आणि ही सुरुवात घेतली तर ती १.५४६१ येते. कोड तपासायला याहून चांगली कसोटी मला तरी माहीत नाही. समीकरणं संगणकावर थोड्याथोड्या काळाच्या पायऱ्यांनी सोडवावी लागतात. त्यासाठीच्या रुंगे-कुट्टाच्या चौथ्या क्रमाच्या पद्धतीने ०.०१ ची पायरी घेऊन चालवलं, तर हा आकडा चार दशांश स्थळांपर्यंत जागचा हलत नाही. ऑयलरच्या साध्या पद्धतीत मात्र ससे-कोल्ह्यांच्या संख्यांचा बंद वक्र प्रत्येक फेरीला थोडा बाहेर सरकतो. पायरी लहान केली तर सरकणं मंदावतं, पण थांबत नाही. आलेखात आवर्तनं वाढत चालली की आपण लगेच निसर्गात कारण शोधायला लागतो. ते कारण आकडेमोडीतलं नाही ना, हे आधी बघून घ्या.

आता मुख्य गोष्ट. या सुरुवातीपासून ससे २९ च्या आसपास चढतात आणि उतरतात ते थेट ०.०२ पर्यंत. हे ०.०२ म्हणजे किती ससे? एकक हजाराचं असेल तर वीस, शंभराचं असेल तर दोन, दहाचं असेल तर एका सशाचा पाचवा हिस्सा. समीकरणाला याचं काहीच वाटत नाही. पाव-अर्ध्या सशापासून ते पुन्हा शेकडो ससे उभे करतं. १९८६ मध्ये कोल्ह्यांमधल्या रेबीजच्या प्रसाराचं एक सलग मॉडेल प्रसिद्ध झालं होतं. डेनिस मॉलिसन यांनी १९९१ मध्ये दाखवून दिलं, की त्यात रोगी कोल्ह्यांची संख्या दर चौरस किलोमीटरला एका कोल्ह्याच्या दशलक्षाच्या दशलक्षाच्या दशलक्षाव्या भागापर्यंत खाली जाते आणि साथीची पुढची लाट त्या कणभर कोल्ह्यातून उठते. तेव्हापासून या अडचणीला ‘अ‍ॅटो-फॉक्स’ म्हणतात (‘अ‍ॅटो’ म्हणजे एवढाच सूक्ष्म भाग).

म्हणून दुसरी आवृत्ती गिलेस्पीच्या पद्धतीने लिहिली. इथे घटना तीनच: ससा जन्मणं, शिकार होणं, कोल्हा मरणं. पुढची घटना कधी आणि कोणती हे दरांच्या प्रमाणात सोडत काढून ठरतं. लिहिताना एक गोष्ट नीट उमगली. शिकारीचा ०.४ आणि त्यातून कोल्ह्यांच्या वाढीचा ०.१ हे दर समीकरणात नुसते गुणक वाटतात. इथे त्यांचा अर्थ सरळ डोळ्यांसमोर येतो: सरासरी चार शिकारींमागे कोल्ह्याचं एक पिल्लू.

दहाचं एकक धरून, म्हणजे शंभर ससे आणि शंभर कोल्ह्यांपासून सुरुवात केली, तर पहिल्याच उतारात ससे जवळजवळ नेहमी संपतात आणि मागोमाग कोल्हेही. शंभराच्या एककात संपण्याचीच शक्यता जास्त, पण काही वेळा तगतात. हजाराच्या एककात पहिला उतार बहुतेक वेळा सहज पार होतो. नंतर मात्र योगायोगाने आवर्तनं लहानमोठी होत राहतात, कारण त्यांना मूळ वक्रावर परत आणणारं मॉडेलमध्ये काहीच नाही. कधी ना कधी एखादा उतार जीवघेणा ठरतोच.

माझं मत स्पष्ट आहे: सरासरी काय होईल हे हवं असेल तर समीकरणं घ्या, प्रजाती टिकेल का हे विचारायचं असेल तर प्राणी मोजा. ‘चांगलं मॉडेल कोणतं’ हा प्रश्न, आपल्याला काय विचारायचंय ते ठरवल्याशिवाय मला निरर्थक वाटतो.

समीकरणांना कमी लेखायचं नाही, बरं का. इटालियन गणितज्ञ व्होल्टेरांनी १९२६ मध्ये ती मांडली त्यामागे एड्रियाटिक समुद्रातल्या मासेमारीचे आकडे होते: पहिल्या महायुद्धात मासेमारी घटली आणि पकडलेल्या माशांत शिकारी माशांचा वाटा वाढला. आपल्या मॉडेलमध्ये दोन्ही प्रजातींवर ०.२ दराने सारखीच पकड लावून बघा. ससे ४ वरून ६ वर जातात, कोल्हे २.७५ वरून २.२५ वर येतात. पकड काढली की उलट. दोन ओळींच्या समीकरणातून हे निघतं, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

सध्या सशांच्या वाढीला ४० ची कमाल मर्यादा घालते आहे. समतोलात ससे ४ वरच राहतात, कोल्हे २.४७५ होतात आणि आवर्तनं हळूहळू मिटतात. प्राणी मोजणाऱ्या आवृत्तीत त्याने आयुष्य किती वाढतं, हे एककागणिक बघायचंय. त्यानंतर चौकटींचा पट घेऊन प्राण्यांना जागा देणार आहे, म्हणजे एका कोपऱ्यात ससे संपले तरी शेजारून येऊ शकतील. चौकटींमधलं स्थलांतर कोणत्या दराने ठेवावं, यावर कुणी काम केलं असेल तर जरूर सांगा.