अंगठा

बुधवार, रात्री

अ‍ॅपवरच्या माझ्या कथामालिकेचा रविवारचा भाग अर्धाच लिहून झालाय, आणि तो सोडून मी मागचाच भाग वाचत बसले आहे. तोही अंगठ्याने, भराभर वर सरकवत. डोळा कुठे अडखळतो ते बघायचं होतं. कुठेच अडखळत नाही, कारण सगळं मलाच पाठ.

सकाळच्या पनवेल गाडीत खिडकीशी ती बाई होती. ठाणं सुटायच्या आधीच तिने मोबाइल काढला आणि मला मुखपृष्ठाचं ते निळं चित्र दिसलं, वहिनी ज्याला साबणाची जाहिरात म्हणते ते. माझी मालिका! छातीत अशी धडधड झाली की काय सांगू. आजवर मला आकडे दिसत होते, बदाम दिसत होते, 'ताई, पुढचा भाग लवकर टाका ना' दिसत होतं. वाचणारं माणूस कधी दिसलं नव्हतं.

आणि मग तिचा अंगठा दिसला.

तो भाग खाडीवर उघडतो. त्या परिच्छेदासाठी मी ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात जाऊन बोटीत बसून आले होते. ओहोटीचा वास, चिखलातून बोटांसारखी वर आलेली तिवराची मुळं, लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तो मोह आवरून कथेत घातला नाही, एवढा संयम. बाईने हे सगळं एका सरकवण्यात उडवलं. गंमत म्हणजे तेव्हा आमची गाडी खाडीवरूनच चालली होती. बाहेरचीही खाडी कोणी बघत नव्हतं.

मला नेमकं काय लागलं? तिने वाचलं नाही असं नाही. संवाद वाचत होती. अवतरणचिन्ह आलं की अंगठा थांबायचा, वर्णन आलं की निघाला. म्हणजे मी आठवडाभर रात्री जागून जे लिहिते ते तिच्या लेखी दोन संवादांमधला रस्ता. या अ‍ॅपवर भाग उघडला की वाचन धरलं जातं, मग तो कसाही वाचा. त्या आकड्यांवर मी इतके दिवस हुरळत होते. त्यातल्या किती जणी अशाच? दिवाळी अंकात कथा आली असती तर... पण तिथलं काय झालं ते लिहायला नको. अण्णा ग्रंथसंग्रहालयातून पुस्तकं आणायचे आणि पानाचा कोपराही दुमडू द्यायचे नाहीत. त्यांना यातलं काहीच दाखवायचं राहिलं. असो.

दुपारी डबा खाताना हरिभाऊ आपटे आठवले. १८९० साली त्यांनी 'करमणूक' काढलं आणि त्यातून कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने छापल्या. तेव्हाचेही वाचक वर्णनं गाळतच असणार. एखादी काकू तरी नक्की. फक्त हरिभाऊंना तिच्या मांडीला मांडी लावून ते बघावं लागलं नाही. मीसुद्धा शाळेत असताना कादंबरीतला सूर्योदय आला की पान उलटायचे. हे आठवल्यावर पोळी जरा बरी लागली.

पण मनातून जात नाही ते वेगळंच. रबाळे गेल्यावर त्या बाईचा अंगठा उलटा फिरला. वर गेली, काहीतरी पुन्हा वाचलं, मोबाइल मांडीवर पालथा टाकला. मग परत उचलून तेच वाचलं. कोणती ओळ? माझ्या बाजूने नुसतं 'माई' दिसलं. त्या भागात माई सारखी बोलतच असते! दागिन्यांच्या डब्यावरून बोलते, सुनेला दूध उतू गेल्यावर बोलते, शेवटी एकटीच देवासमोर बोलते. यातलं कुठलं? दुधाचं असेल तर मला आवडणार नाही, ते मी घाईत भरलं होतं. 'मीच लिहिलंय हो' असं म्हणायची वेळ होती, वाक्य जिभेवर होतं. पण तिने 'अय्या!' करून सेल्फी मागितला असता, आणि मला हवी ती ओळ काही कळली नसती. शिवाय सेल्फी मागितला नसता तर? घणसोलीला ती उतरलीसुद्धा.

वहिनीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यात काय एवढं? माईला मारून टाक. बायका रडतील, तुझे आकडे वाढतील." वहिनीला बाजार बरोबर कळतो, म्हणून तर राग येतो.

दुधाचा प्रसंग आत्ताच परत वाचला. वाईट नाही. एक 'अगं' जास्त आहे.

रविवारच्या भागात खाडी राहणार, तीन ओळींची. आणि माई तिथे बसून बोलणार, म्हणजे बाईंना उडी मारता येणार नाही. माईला दिवाळीपर्यंत तरी मारत नाही.