आमची वाटचाल : ‘कळलं काय?’ विचारणं बंद केलं त्याची गोष्ट

1998 साली वडिलांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका जुन्या लेथवर काम सुरू केलं. 2009 ला शिरोली एमआयडीसीत शेड घेतली, कर्ज काढून पहिलं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं लेथ, आणलं. आज पाच सीएनसी, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवरचीच उभी मिलिंग मशीन) आणि आम्ही 23 जण. फौंड्रीतून कास्टिंग (ओतीव तुकडा) येतं, मशीनिंग करून आम्ही पुढं देतो. पंपाची हाउसिंग, म्हणजे बाहेरची कवचं, जास्त. आमच्याकडं माणूस काम शिकतो कसा, याकडं मात्र वीस वर्षं कुणी बघितलंच नव्हतं.

पद्धत सगळीकडं असते तीच. फोरमनमामांच्या शेजारी उभं राहायचं, बघायचं, शिव्या खायच्या. नवा जॉब आला की साडेपाचला शिफ्ट सुटल्यावर मामा सगळ्यांना गोळा करून अर्धा तास सांगणार. शेवटी, "कळलं काय?" सगळे एका सुरात, "व्हय मामा." रजिस्टरवर सह्या, झालं ट्रेनिंग.

2019 मध्ये एक कर्णबधिर पोरगा आला. आयटीआयचा टर्नर, सोबत आई. समाजकार्य वगैरे माझ्या डोक्यात नव्हतं. माणूस मिळत नव्हता म्हणून घेतला. मामांनी पहिले चार दिवस त्याच्या कानाशी ओरडून शिकवलं. मग मी हुशारी केली. मोबाइलवर व्हिडिओ काढले, खाली मराठीत पट्ट्या टाकल्या. तो बघायचा, मान हलवायचा, मी खूश. पुढं कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या एका बाईंनी माझं बौद्धिक घेतलं. खुणांची भाषा हीच त्याची पहिली भाषा, तिचं व्याकरण वेगळं. लिहिलेली मराठी त्याला परकी, आपल्याला इंग्रजी असते तशी. म्हणजे पट्ट्या माझ्याच समाधानासाठी होत्या.

मामा शेवटी वैतागले, मशीनपुढनं बाजूला झाले आणि हातानंच म्हणाले, तू कर. त्यानं केलं, चुकलं. मामांनी त्याचा हात धरून बटण बदललं. परत केलं. ‘कळलं काय?’ विचारायची सोयच नव्हती, त्यामुळं प्रत्येक गोष्ट त्याच्याकडनं करून घ्यावी लागली.

त्याच वर्षी आम्हाला दणका बसला. 62 मिमीचा बेअरिंग बोअर (बेअरिंग बसायचं भोक), एच7, म्हणजे माप 62.000 ते 62.030 च्या आतच हवं. तीन वर्षं जुना, ऐकू येणारा, दहावी पास ऑपरेटर. साइज वरच्या टोकाजवळ, 62.028 ला गेली, म्हणून त्यानं 0.013 नं बोअर कमी करायचा ठरवला आणि ऑफसेटला (मशीनला द्यायच्या मापाच्या दुरुस्तीला) प्लस मारला. बोअर झाला 62.041. पुढं तपासलंच नाही, शिफ्टभर तसंच चाललं. 140 हाउसिंग भंगारात आणि कास्टिंगच्या पैशाची डेबिट नोट आमच्या नावावर. बाहेरच्या डायाला (व्यासाला) जास्त मटेरियल काढायचं तर मायनस, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. बोअरला ते उलटं होतं. रजिस्टर काढलं तर ऑफसेटच्या ट्रेनिंगला त्याच्या दोन सह्या.

दुसऱ्या दिवशी आठही ऑपरेटरना एकेक करून मशीनवर उभं केलं. बोअर मोठा आलाय, ऑफसेट मार. चौघे चुकले. त्यात एक अकरा वर्षं काम केलेला. पोरगा बरोबर.

कारण शोधलं तर ते त्याच्या हातात सापडलं. भारतीय सांकेतिक भाषेच्या सरकारी शब्दकोशात 2021 पर्यंत दहा हजार शब्द झाले, पण आमच्या शॉपफ्लोअरच्या कामाच्या खुणा आम्हालाच ठरवाव्या लागल्या. त्यानं आणि मामांनी मिळून प्लससाठी दोन्ही तळवे एकमेकांपासून लांब नेले, म्हणजे डाया वाढला. मायनसला तळवे जवळ. बाहेरचा असो की बोअर, खूण एकच. मटेरियल किती निघालं हा प्रश्न त्या खुणेत येतच नाही, त्यामुळं गोंधळायला जागा नाही. आता शेडमध्ये सगळेच ती खूण करतात. तसंही सात मशिनींच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येतंय? (माझ्या नावाची खूण चष्मा पुसण्याची आहे. मामांची मिशी.)

मग एकेक उघडं पडत गेलं. तपासणीतल्या दोन ताई साडेपाचचं ट्रेनिंग कधीच पूर्ण ऐकत नव्हत्या, पावणेसहाची बस असायची. दोन वर्षं त्या ऐकीव माहितीवर गेज (माप तपासायचं साधन) लावत होत्या आणि आम्ही म्हणायचो, बायकांना इंटरेस्ट नाही. आता ट्रेनिंग सकाळी नऊला, शिफ्टच्या वेळात, पगारी. अर्धा तास मशिनी बंद ठेवायच्या म्हणून धाकटा भाऊ अजून कुरकुरतो. एका हेल्परला वाचता येत नव्हतं हे कुणालाच माहीत नव्हतं. ड्रॉइंग दिलं की तो चष्मा विसरलाय म्हणायचा. गेजच्या गो (भोकात जायला हवी ती) बाजूला हिरवा, नो-गोला (जायला नको तिला) लाल रंग मारला, तेव्हापासून चष्म्याचं नाव नाही. बिहारच्या पोरांनाही ते बरं पडलं.

काही गोष्टी अजून जमलेल्या नाहीत. पोराला हॉर्न ऐकू येत नाही, तरी फोर्कलिफ्टला फिरता दिवा लावायला वर्ष घालवलं, हे माझं चुकलंच. चहाच्या सुट्टीत पोरगा अजून मोबाइल घेऊन एकटाच बसतो. कामाच्या खुणा सगळ्यांना येतात, जोक कुणी सांगत नाही. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचं समान संधी धोरण? वीसच्या वर माणसं म्हणून सल्लागारानं ते छापून दिलं, मी सही केली, फायलीत आहे. मशीनवरच्या एकानंही ते वाचलेलं नाही.

रजिस्टर मात्र बंद केलं. शिकणाऱ्यानं स्वतः सेटिंग करून काढलेला पहिला ओके पीस त्याचं नाव पंच करून रॅकवर ठेवतो. मागच्या ऑडिटला ग्राहकाच्या साहेबांनी ट्रेनिंगचं रेकॉर्ड मागितलं. मामांनी दोन्ही हातांनी एक हाउसिंग उचलून त्यांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी ते फिरवून बघितलं, बोअरमध्ये बोटही घातलं आणि रिपोर्टात लिहिलं : हजेरीपत्रकावर सह्या नाहीत.

आता सह्याही घेतो.