पिकअपवर पॉप-अप कॅम्पर: टायोगा पास ते डेथ व्हॅली

ऑक्टोबरात आम्ही दोघं कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून पिकअप ट्रकवर पॉप-अप कॅम्पर, म्हणजे छप्पर वर उचलता येणारी, कापडी भिंतींची छोटी खोली, चढवून निघालो. टायोगा पास ही खिंड, ली व्हायनिंग गाव, मग ३९५ हायवेने लोन पाइन आणि शेवटी डेथ व्हॅली. पास ३,०३१ मीटर उंच, तर डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन हा रस्ता करायचा, तर खरं काम घरीच असतं.

पहिलं काम वजनाचं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्टीचं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, तो आकडा त्यावर असतो. आमच्या हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातल्या, ट्रकवर १,८९० पौंड आहे. त्यातले कॅम्परचे १,१५०, वीस गॅलन पाणी १६७, आम्ही दोघं ३००, बॅटरी-गॅस-भांडी-किराणा २००. उरले जेमतेम सत्तर. माहितीपत्रकात छापलेलं वजन बहुधा रिकाम्या कॅम्परचं असतं, त्यावर विसंबू नका. सगळं भरून, दोघांनी आत बसून, ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर वजन करा. पुढच्या-मागच्या ॲक्सलचे आकडे वेगळे मिळतात, ते दारावरच्या मर्यादेशी ताडून बघा. मुलंही बरोबर येणार असतील तर थेट त्याहून जास्त वजन पेलणारा थ्री-क्वार्टर टनचा ट्रक घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

मागच्या सस्पेन्शनला एअरबॅग (वजन पेलणाऱ्या हवेच्या पिशव्या) बसवल्या की ट्रक मागे बसत नाही, वळणावर डुलणंही कमी होतं. पण त्याने वजनाची मर्यादा एका पौंडानेही वाढत नाही. टायर मात्र एलटी (लाइट ट्रक), ई लोड रेंजचेच, म्हणजे जास्त वजन पेलणारे हवेत.

टेलगेट (मागचं फळीसारखं दार) काढून ठेवला. बेडमध्ये, म्हणजे ट्रकच्या मागच्या हौद्यात, जाड रबरी मॅट घातली, म्हणजे कॅम्पर सरकत नाही. चारही कोपऱ्यांना टर्नबकल (पिळून ताण देता येणारे आकडे) असतात, त्यांचे हुक बेडला बोल्टने पक्के करावे लागतात. २०१५ पासूनच्या फोर्ड एफ-१५० ट्रकचा बेड ॲल्युमिनियमचा आहे. तिथे खालून धातूची पट्टी लावल्याशिवाय बोल्ट आवळू नका. पहिल्या पन्नासेक मैलांनंतर थांबून टर्नबकल पुन्हा तपासा, ते सैल होतातच. ट्रकच्या बॅटरीपासून कॅम्परपर्यंत जाड तांब्याची वायर, बॅटरीजवळच फ्यूज आणि मध्ये डीसी-डीसी चार्जर (ट्रकच्या विजेवर कॅम्परची बॅटरी भरणारा), एवढं केलं की गाडी चालता चालता फ्रिजची बॅटरी भरत राहते.

आता रस्ता. टायोगा पास हिवाळ्यात बंद असतो, निघायच्या दिवशी खात्री करा. ली व्हायनिंगकडे उतार तीव्र आहे. खालच्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक तापू देऊ नका. ओवेन्स व्हॅलीतल्या आडव्या वाऱ्यात छप्पर खाली दुमडलेलं असल्याचा फार फायदा होतो. लोन पाइनजवळच्या अलाबामा हिल्समध्ये मुक्कामाला परवाना लागतो, तो फुकट मिळतो. सकाळी ४,४२१ मीटरच्या व्हिटनी शिखरावर ऊन पडताना चहा प्यायला तिथेच थांबा. रात्री थंडी असली तरी एक खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर कापडी भिंती आतून ओल्या होतात.

लोन पाइनला डिझेल-पेट्रोलची टाकी पूर्ण भरा, पुढे डेथ व्हॅलीत महाग पडतं. डेथ व्हॅलीतल्या युबेहेबे विवराजवळून रेसट्रॅक या कोरड्या तळ्यापर्यंतचे २७ मैल म्हणजे धारदार खडी आणि पत्र्यासारख्या लाटांचा रस्ता. टायरची हवा थोडी उतरवा, पण पाठीवर वजन असल्यामुळे फार नको. पूर्ण मापाचं स्टेपनी, पंक्चरचं सामान आणि कॉम्प्रेसर हवाच. फोनला रेंज नसते, म्हणून घरी कुणाला तरी परतीची वेळ सांगून जा.