थकवा विश्रांतीने जात नाही तेव्हा

महासाथीच्या काळात अतिदक्षता विभागातील कर्मचाऱ्यांच्या थकव्याविषयी बोलताना लांबलेल्या पाळ्या आणि पीपीई किटमधला घाम यांचाच उल्लेख अधिक होतो. ते कष्ट खरेच होते. तरीही त्या विभागात काम केलेली डॉक्टर म्हणून मला वाटते की, माणसे खचली ती योग्य काय हे कळत असूनही ते करता न आल्यामुळे.

व्हेंटिलेटरवरच्या एका, फार तर दोन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. कोविडच्या लाटांत तो कोलमडला आणि इतर विभागांतून आलेल्या सहकाऱ्यांना शिकवत, त्यांच्याही रुग्णांवर लक्ष ठेवत अनुभवी सिस्टरना काम करावे लागले. फुप्फुसे निकामी होत चाललेल्या रुग्णाला दिवसातले सुमारे १६ तास पालथे ठेवायचे, तर प्रत्येक वेळी चार-पाच जण लागतात. एकाने डोके आणि श्वासनलिकेतली नळी सांभाळायची, इतरांनी बाकीच्या नळ्या जपत एकदमच रुग्णाला वळवायचे. तेवढ्यात शेजारच्या खाटेचा अलार्म वाजू लागला, तरी कोणाचाच हात मोकळा नसतो. नातेवाइकांना आत प्रवेश नसल्यामुळे अखेरच्या क्षणी रुग्णाच्या कानाशी मोबाइल धरून उभे राहणेही सिस्टरच्याच वाट्याला आले, आणि त्यानंतर दोन मिनिटे बसायलाही सवड नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या, नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हणून केली. शक्ती संपल्याची भावना, कामापासून मनाने दुरावणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे, ही त्याची तीन लक्षणे होत. मला सर्वांत भीती वाटते ती यांतल्या दुसऱ्या लक्षणाची. रुग्णाची नावाने विचारपूस करणारी सिस्टर केवळ खाटेचा क्रमांक सांगू लागते, तेव्हा तिला निष्ठुर ठरवणे अन्यायाचे आहे.

कारण कामाच्या ठिकाणी असेल, तर उपायही तिथेच हवा. ध्यानधारणेची सत्रे निरुपयोगी नाहीत, परंतु त्यांनी रिकामी पदे भरत नाहीत. लाट ओसरल्यावर पुढे ढकललेल्या शस्त्रक्रियांचे रुग्ण त्याच खाटांवर, त्याच माणसांकडे आले. अनुभवी परिचारिका सोडून गेली, तर तिच्या जागी आलेल्या व्यक्तीला अतिदक्षता विभागातला रुग्ण स्वतंत्रपणे सांभाळता येईपर्यंत कित्येक महिने जातात, आणि तिला तयार करण्याचे काम आधीच थकलेल्या सहकाऱ्यांवर पडते.