टाकीतलं पाणी आणि शेवटची तोटी

जून, पहिल्या पावसानंतरचा मंगळवार

पाणी साडेसहाला सुटतं. भाकऱ्या आधी की हंडे आधी, रोजानं पेरणीला जाणारीचा खाडा पडणार का, हे त्यावरच ठरतं. जल जीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर. घरात मात्र हिशेब असतो तो नळ कधी आला नि किती वेळ राहिला याचा.

पहिला पाऊस झाला की टीसीएलकडे, म्हणजे पाण्यातले जंतू मारणाऱ्या ब्लीचिंग पावडरीकडे, जास्त बघावं लागतं. 50,000 लिटरच्या टाकीला, हजार लिटरला 5 ग्रॅम धरून, 250 ग्रॅम पावडर. ती कोरडी टाकीत ओतायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या, पाऊण बादली पाणी घालून ढवळायचं, दहा मिनिटं ठेवायचं. वरची निवळी टाकीत, खालचा चुना बाहेर. पुढे निदान अर्धा तास व्हॉल्व्ह बंद. म्हणजे साडेसहाच्या पाण्यासाठी बादली साडेपाचलाच कालवायला हवी, आणि इथंच बहुतेक ठिकाणी घाई होते.

विहीर असेल तर व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, त्याला 785 नं गुणलं की लिटर मिळतात. 4 मीटर व्यास, 5 मीटर पाणी: 62,800 लिटर, साधारण 315 ग्रॅम.

एवढं मोजूनमापून केलं तरी पोतं दगा देतं. ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. पोत्याचं तोंड उघडं राहिलं, खोली दमट असली की ते उडत जातं. वजन तेवढंच, जोर निम्मा. म्हणून ओटी चाचणी, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पाण्यात उरलेलं क्लोरीन बघणं, आणि तीही शेवटच्या घराच्या नळावर. थेंब पडल्यावर दहा सेकंदांच्या आत रंग बघायचा, किमान 0.2 पीपीएमची (लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीनची) पिवळी छटा हवी. टाकीशेजारच्या नळावरचा पिवळा रंग वहीत चढवणं म्हणजे निव्वळ मनाचं समाधान.

शेवटच्या घरी रंग येत नाही, त्याला बऱ्याचदा खड्ड्यातले नळ कारण असतात. दाब पुरत नाही म्हणून लोक खड्डा खणून नळ खाली घेतात, तोटी लावत नाहीत. पाणी बंद झालं की रिकामा होणारा पाइप खड्ड्यातलं गढूळ पाणी आत ओढतो. वरच्या आळीत कुणी नळाला मोटर लावली असेल तर जास्तच. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा येतं ते हेच पाणी, आणि नळ जाईल या धास्तीनं पिण्याचा हंडा नेमका आधी भरला जातो. पहिल्या दोन-तीन बादल्या पिण्याला न घेता वरच्या वापराला काढाव्यात.

रंग येत नाही म्हणून नुसती पावडर वाढवली, तर वरच्या आळीत वास येतो. मग बायका सरळ जुन्या आडावर जातात, आणि त्या आडात टीसीएल कुणीच टाकत नाही.

उद्यासाठी: खालच्या आळीतल्या उघड्या नळांना तोट्या, खड्ड्यांत मुरूम, पोत्याऐवजी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा.