खामगाव ते शेगाव, यावर्षी जरा हळू

मागच्या सहा वर्षांपासून मी गजानन महाराजांच्या परतीच्या पालखीसोबत खामगाव ते शेगाव चालतो. पंढरपूरची आषाढी करून पालखी सिंदखेडराजा, लोणार, मेहकर करत खामगावात मुक्कामाला येते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघते ते थेट शेगाव, हा शेवटचा टप्पा १७ किलोमीटरच्या आसपास. पंढरपूरला जाऊन येऊन आख्खी वारी चालणारे सातशेच्या जवळपास असतात, पांढरे कपडे, हातात पताका, ओळ मोडत नाही. आणि शेवटच्या दिवशी आमच्यासारखे आजूबाजूच्या जिल्ह्यातले इतके येतात की रोडवर पाय ठेवायला जागा नसते.

खरं सांगू का, आधीच्या पाच वाऱ्यांमधलं मला काहीच आठवत नाही. किती वाजता पोचलो ते आठवतं, मोबाइलमध्ये किती पावलं दाखवली ते आठवतं, मधले १७ किलोमीटर कुठं गेले माहीत नाही. याचं मला खूप वाईट वाटायचं.

माझं गावात कृषी केंद्र आहे. जून-जुलैत सकाळी सातपासून गिऱ्हाईक, त्यात निम्मी उधारी, व्हॉट्सअॅपवर दिवसभर पानांचे फोटो, भाऊ हे काय झालं, पान लाल पडलं, पाती गळून राहिली, काय मारू. अडतिसाव्या वर्षी बीपीची गोळी सुरू झाली, झोप गेली. माझा मेहुणा इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आलाय, तिथं १९७६ पासून ही शिबिरं चालतात म्हणे. तो म्हणाला, भाऊजी नुसतं बसून श्वास पहा. मी बसलो, पण दोन मिनिटांत उधारीची वही डोळ्यासमोर. मग तो म्हणाला बसून जमत नसेल तर वारीत चालताना करा, पाय टेकला की टेकला एवढंच ध्यानात घ्या, दुसरं काही नाही. त्याला ते लोक माइंडफुलनेस म्हणतात.

तर यावर्षी तेच करायचं ठरवून निघालो. पहाटे झिमझिम पाऊस होता म्हणून मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बॅगेत तळाशी टाकला. पहिला अर्धा तास अवघड गेला, हात सारखा खिशाकडे जायचा. पण पुढं टाळ वाजत होते, गण गण गणात बोते चालू होतं, आणि पाय आपोआप त्या ठेक्यात पडायला लागले. मधेच एकदा भजन थांबलं, दुसरं सुरू व्हायला थोडा वेळ होता, तेवढ्यात मला हजारो पायांचा ओल्या डांबरावरचा आवाज ऐकू आला, चप चप चप चप, जसं काही रोडच श्वास घेऊन राहिला. अंगावर काटा आला. सहा वर्षं हा आवाज माझ्या कानाजवळून जात होता!

उजाडलं तेव्हा माझ्या बाजूला एक आजी चालत होत्या, मेहकरकडच्या, सत्तरीच्या पुढच्या असतील, पायात काही नाही, डोक्यावर बोचकं. चालता चालता त्या रोडच्या कडेला थांबल्या आणि वावराच्या धुऱ्यावरून वाकून कपाशी पाहायला लागल्या. मला वाटलं चक्कर आली की काय, म्हणून गेलो, तर मला म्हणतात,

"पाह्य रे बापू, हे फूल कालचं व्हय आन् हे आजचं."

एकाच झाडावर दोन फुलं होती. एक दुधासारखं, किंचित पिवळट, नुकतंच उमललेलं, आत पावसाचा एक थेंब साचलेला आणि त्या थेंबात एक बारीक काळी मुंगी कडेकडेनं फिरत होती. दुसरं त्याच्या खालच्या फांदीवर, गुलाबी पडून मिटत आलेलं.

"येका रातीत कोनं रंगोलं असंन सांग बरं?" आजी म्हणाल्या, आणि लहान पोरीसारख्या हसल्या.

आता हे मला माहीत नाही असं नाही. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग वाळून गळतं आणि खाली बोंड धरतं, पेरणीपासून दोन महिन्याच्या आसपास फुलं लागतात, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो. पण सांगतो ते बोंडअळी फुलात शिरते म्हणून फवारा कधी मारायचा यासाठी. पंधरा वर्षं माझ्या काउंटरवर झाडाचा फक्त आजार येतो. आजीनं मला फूल दाखवलं. मी किती वेळ उभा होतो माहीत नाही, दिंड्यामागून दिंड्या निघून गेल्या.

पुढं एका गावच्या पोरांनी साबुदाण्याची उसळ वाटायला ठेवली होती, चहाही होता. आम्ही दोघं कडेच्या बांधावर बसलो. आजींनी द्रोण संपवला आणि मग तळाला चिकटलेला एकेक साबुदाणा बोटानं काढून तोंडात टाकला, घाई नाही काही नाही. ते पाहताना मला महाराजच आठवले. २३ फेब्रुवारी १८७८ ला ते शेगावात पहिल्यांदा दिसले तेव्हा उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खात होते, गावातल्या बंकटलाल नावाच्या माणसानं पाहिलं, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतो. आम्हाला ती चमत्काराची सुरुवात म्हणून सांगितली जायची. त्या बांधावर बसून मला पहिल्यांदा ते शीत दिसलं, एक एक, बोटाच्या टोकावर. मीही माझा द्रोण तसाच संपवला. उसळीत जिरं होतं, आणि दाण्याचा कूट जरा जास्त भाजलेला होता.

शेगावात शिरताना दोन्ही बाजूंनी फुलं, रांगोळ्या, गर्दी इतकी की आजी त्यात दिसेनाशा झाल्या. नाव विचारायचं राहून गेलं.

सोमवारी दुकान उघडलं तर पहिलंच गिऱ्हाईक पान घेऊन आलं, कडा लाल पडलेलं. मी पान पाहिलं, औषध सांगितलं, मग विचारलं, काका फुलं लागली का वावरात?

"लागली ना, दोन दिस झाले. काऊन, फोटो धाडू का?"

म्हटलं नका धाडू, उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी मीच येतो.