देवबाग ते विजयदुर्ग होडीने: तीन दिवसांची फेरी आणि मोटरच्या ऑइलची खरेदी

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी साडेसहाला देवबागहून होडी काढली. मी, चुलतभाऊ आणि मामा, तिघेच. कर्ली नदीच्या मुखाशी वाळू साचलेली असते, म्हणून भरती अर्ध्यावर आल्याशिवाय बाहेर पडू नका. ओहोटीला मोटरचा पंखा वाळूत घासलाच म्हणून समजा. होडी १९ फुटी, फायबरची. मागे चाळीस हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक मोटर, हंगाम तिसरा.

सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा असतो आणि पाणी सपाट असतं. दुपारी बारानंतर खारे वारे धरतात, लाट वाढते आणि उत्तरेला जाताना नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, पाणी उडायला लागतं. त्यामुळे मोठा टप्पा सकाळीच उरकायचा. मालवणच्या बाहेर खडक फार आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास वाट माहीत नसेल तर सरळ लांबून, खोल पाण्यातून जा. आचऱ्यापासून पुढे आम्ही सुरमईसाठी गळ सोडले आणि मोटर अगदी हळू ठेवली. कुणकेश्वरचं देऊळ पाण्यातून फार सुंदर दिसतं, तिथे तर मोटर बंद करून थोडा वेळ नुसतेच बसलो. देवगडला पोचेपर्यंत दुपार झाली. बंदर आत वळलेलं, आडोशाचं आहे, रात्री होडी निवांत राहते.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. रविवारी सकाळी निघण्यापूर्वी मी डिपस्टिक (मोटरमधलं ऑइल मोजायची पट्टी) काढली आणि थबकलो. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं. महिन्यापूर्वी बघितलं तेव्हा खुणेच्या खाली होतं, आणि मधे मी थेंबही घातला नव्हता. मामांनी डिपस्टिक माझ्या हातातून घेतली, फडक्याला पुसली, फडकं नाकाशी नेलं.

"मेल्या, त्याल आपसूक वाढता काय? पेट्रोल गेला त्येच्यात."

खरंच पेट्रोलचा वास होता, आणि चिमटीत धरलं तर ऑइल पाण्यासारखं सुळसुळत होतं. रंग मात्र काळाच होता. खारं पाणी शिरलं असतं तर ते ताकासारखं दुधाळ दिसलं असतं, तेवढी चिंता मिटली. होतं असं की आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेर बसवलेली मोटर समुद्राचं थंड पाणी आत ओढून स्वतःला गार ठेवते. गळ टाकून तासन्‌तास हळू चालवली की ती नीट तापतच नाही, न जळालेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. नोव्हेंबरपासून आम्ही जवळजवळ फक्त गळावरच फिरलो होतो. अशा वेळी वरचं जादा ऑइल काढून भागत नाही. उरलेलंही पातळच असतं, आणि पुढे पाच हजार आरपीएमला बेअरिंग सांभाळायला ते पुरं पडत नाही. सगळंच बदलायला हवं होतं.

माझ्याकडे सुटा फिल्टर होता, डिपस्टिकच्या नळीतून ऑइल खेचायचा हातपंप होता, पण ऑइल नव्हतं. दुकान उघडेपर्यंत थांबलो आणि बाजारात गेलो. छोट्या बंदरात मरीन ऑइल मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. आहे त्यातून बरोबर काय ते निवडता आलं पाहिजे.

मोटरचं पुस्तक मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून होडीतच ठेवतो. त्यात दोन गोष्टी बघायच्या. पहिली जाडी: माझ्या मोटरला १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० चालतं, न मिळाल्यास २०डब्ल्यू-४०. दुसरी एपीआयची, म्हणजे ऑइलची प्रत ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेची अक्षरं. पेट्रोल इंजिनाची अक्षरं 'एस' ने सुरू होतात आणि पुढचं अक्षर जितकं नंतरचं तितकी प्रत नवी. पुस्तकात एसजे लिहिलं असेल तर एसएल किंवा एसएन बिनधास्त घ्या.

दुकानदाराने आधी टू-टीची बाटली पुढे केली. होडी म्हटलं की टू-स्ट्रोक असं अजून बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. ते पेट्रोलमध्ये मिसळून जाळायचं ऑइल, फोर-स्ट्रोकच्या टाकीत ते कधीही घालू नका. मग ट्रॉलरवाले नेतात ते १५डब्ल्यू-४० आलं. डब्यावर 'सी' ची, म्हणजे डिझेल इंजिनाची अक्षरं होती, 'एस' चं एकही नव्हतं, म्हणून परत केलं. नव्या कारचं ०डब्ल्यू-२० होतं, महाग आणि मायलेजसाठी मुद्दाम पातळ ठेवलेलं, माझ्या पुस्तकात नसलेलं. सुटं ऑइलही होतं, सगळ्यात स्वस्त. ते नको. सुट्या ऑइलवर कुणाचीच जबाबदारी नसते.

शेवटी मोटरसायकलचं १०डब्ल्यू-३० निघालं, एपीआय एसएल, सीलबंद, नावाजलेल्या कंपनीचं. त्यावर 'जासो एमए' असंही लिहिलेलं असतं. ते मोटरसायकलच्या ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठी आहे. आऊटबोर्डला तसला क्लच नाही, त्यामुळे त्याचा उपयोगही नाही आणि त्रासही नाही. एक मात्र बघा, या बाटल्या ९०० किंवा ८०० मिलीच्या असतात. किंमत बाटलीची नव्हे, लिटरची काढून मगच तुलना करा. माझ्या मोटरला फिल्टरसकट दोन लिटर लागतं, म्हणून तीन बाटल्या घेतल्या.

जेटीवर मोटर सरळ उभी केली, पाच मिनिटं चालवून कोमट केली आणि पंपाने जुनं ऑइल रिकाम्या कॅनमध्ये काढलं. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने थोडं ऑइल लावून फिल्टर हातानेच आवळला. दोन बाटल्या ओतल्या, थोडा वेळ मोटर चालवून बंद केली, पाच मिनिटं थांबून डिपस्टिक बघितली आणि उरलेलं थोडं थोडं घातलं. वरच्या खुणेच्या जरा खाली थांबलो. जुनं ऑइल त्याच बाटल्यांत भरून परत आणलं आणि गॅरेजमध्ये दिलं. कृपा करून ते खाडीत ओतू नका. आपलीच कालवं आणि तिसऱ्या त्याच पाण्यात वाढतात.

देवगड ते विजयदुर्ग समुद्रातून जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. गळ न टाकता मोटर चांगली खेचत नेली, तासाभरात वाघोटन खाडीच्या मुखाशी आलो. किल्ला पाण्यातून येताना जसा उभा राहतो तसा रस्त्याने येणाऱ्याला कधीच दिसत नाही. वेळ असेल तर गिर्ये गावाकडची मराठा आरमाराची जुनी गोदी जरूर बघा. होडी चालवणाऱ्या माणसाला ती किल्ल्याइतकीच भिडते. डिपस्टिक पुन्हा काढली, पातळी होती तिथेच. वारा धरायच्या आत देवगडला परतलो, आणि सोमवारी पहाटे तिथून घरी.

पेट्रोल मात्र दुप्पट घेऊन निघा. माझी मोटर बऱ्या वेगात तासाला साधारण आठ लिटर पिते आणि जेटीवर पंप नसतो. आता हिशेब बघा: ऑइल दर शंभर तासांनी बदलायचं, तेवढ्यात आठशे लिटर पेट्रोल, म्हणजे ८०,००० रुपयांच्या वर, आणि तेवढ्या काळात ऑइल लागतं दोन लिटर. म्हणून महागड्या ऑइलवर शंभराचे दीडशे तास ओढण्यापेक्षा परवडणारं, बरोबर प्रतीचं ऑइल वेळेवर बदललेलं मला कधीही जास्त पटतं. गळावर जास्त फिरणाऱ्यांनी शंभर तासांचीही वाट बघू नये.

मरीन ऑइलला पैसे टाकायची एक वेळ मात्र मी पाळतो: आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाच्या, आधी. डब्यावर 'एफसी-डब्ल्यू' असतं ते ऑइल पाण्याने गार होणाऱ्या फोर-स्ट्रोकसाठी तपासलेलं असतं, त्यात गंज रोखण्याचीही चाचणी येते. मोटर दमट हवेत दोन-तीन महिने बंद राहणार असते, तेव्हा जुनं ऑइल आत ठेवून ती झाकू नका. वॉरंटी चालू असेल तर पुस्तकात सांगितलेलंच ऑइल वापरा आणि बिलं जपा. खालच्या गिअरचं ऑइल वेगळं असतं, इंजिनाचं तिथे चालत नाही. ते काढताना दुधाळ दिसलं तर पंख्यामागे गळाची दोरी गुंडाळून सील कापलंय का ते आधी बघा.

घरी आल्यावर मेस्त्रींनी थर्मोस्टॅट, म्हणजे मोटर तापेपर्यंत गार पाणी अडवून धरणारी झडप, उघडून बघितली. मिठाचा पांढरा थर बसून ती उघडीच अडकली होती, त्यामुळे मोटर तापतच नव्हती. नवी बसवली. आता प्रत्येक फेरीनंतर दहा मिनिटं गोड्या पाण्याने मोटर धुतो, आणि गळावर अर्धा दिवस घालवला की परतताना वीस मिनिटं तरी ती मोकळी पळवतो.